मामांचे आपोआप फिरणारे चाक

खंडेनवमीला सोलापूरच्या कोणत्याही पेठेत जावे. हातमागाला झेंडूची माळ, शिवणयंत्रावर हळदकुंकू, सुताराच्या पटाशीपुढे नारळ, असा थाट घरोघर दिसतो. ज्याच्या जिवावर घर चालते त्या हत्याराचे वर्षातून एकदा पाय धरायचे, अशी ही आपली जुनी रीत आहे. १९७३ सालच्या खंडेनवमीला माझ्या मामांच्या घरीही पूजा झाली. पण ज्या वस्तूला मामांनी गंध लावले, तसली वस्तू सबंध पेठेत दुसऱ्या कोणाकडे नव्हती.

माजघरामागच्या पडवीत दोन सागवानी खांबांच्या बेचक्यात चार फूट व्यासाचे एक लाकडी चाक उभे होते. त्याच्या काठावर सारख्या अंतराने बारा बिजागऱ्या ठोकल्या होत्या. प्रत्येक बिजागरीला एक फूट लांबीचा लोखंडी दांडा आणि दांड्याच्या टोकाला अर्ध्या किलोचे वजन. दांड्यांना अशा अडण्या लावल्या होत्या की, चाक फिरू लागले म्हणजे उजव्या बाजूला उतरणारे दांडे फटकन बाहेर पडून ताठ उभे राहत आणि डाव्या बाजूने वर चढणारे दांडे मुकाट्याने चाकाला लगटून येत.

“आता सांग,” मामा मला म्हणाले, “लांब दांड्यावरचं वजन जास्त ओढतं का जवळचं?”

मी कॉलेजात गणित शिकत होते. तराजूचा नियम मला पाठ होता. “लांबचं.”

“मग उजवी बाजू कायम जड. डावी कायम हलकी. चाकानं थांबायचंच का, ते सांग की!”

वाचकहो, खरे सांगते, त्या क्षणी मला उत्तर सुचले नाही. आज पन्नासांहून अधिक वर्षे लोटली. मधल्या काळात मी शाळेत विज्ञान शिकवून निवृत्तही झाले. तरी तो प्रश्न ऐकणारा प्रत्येक विद्यार्थी आधी माझ्यासारखाच गप्प बसतो, असा माझा अनुभव आहे.

गिरणीतले दोन गोळे

मामा गिरणीत फिटर होते. सोलापुरात गिरण्यांचे युग सुरू झाले ते १८७० च्या दशकात. पहाटेच्या भोंग्यावर अर्धे शहर उठे आणि अर्धे शहर निजे. मामा लहानपणी आपल्या वडिलांचा डबा घेऊन गिरणीत जात, तेव्हा तिथे वाफेचे इंजिन होते. त्या इंजिनावर दोन लोखंडी गोळे दांड्यांना टांगलेले असत. इंजिन वेगात आले की गोळे गरगरत बाहेर फाकत, मंदावले की खाली येत. इंजिनाचा वेग आवरणारे हे साधन जेम्स वॉटने १७८८ साली आपल्या इंजिनाला जोडले. मामांना लहानपणी वाटे की हे दोन गोळेच इंजिन चालवतात. मोठेपणी खरे काय ते कळले. पण झुलत्या वजनांनी मनात जे घर केले होते, ते काही सुटले नाही.

निवृत्त झाल्यावर हातात फंडाचे पैसे आले आणि मनात दडलेले चाक बाहेर आले. त्यात एका देवळातल्या कीर्तनात बुवांनी सांगितले की, भास्कराचार्यांनी आपोआप फिरणाऱ्या यंत्राची कृती लिहून ठेवली आहे. झाले! आचार्यांचे गाव विज्जलविड, म्हणजेच विजापूर, असेही बुवा म्हणाले. “विजापूर म्हणजे आपले शेजारीच की!” मामा म्हणत. “शेजाऱ्यानं सांगून ठेवलंय, आपण फक्त करायचंय.”

मामांजवळ एक वही होती. चाकाला एक धक्का दिला की ते किती फेरे फिरते याची त्यात रोज नोंद होई. श्रावणात सतरा फेरे. अक्षाला चांगले वंगण घातले, एकोणीस. बिजागऱ्या घासून सैल केल्या, बावीस. आकडा वाढत होता, म्हणून मामांची आशाही वाढत होती. “लहान आहे ना, म्हणून दम कमी पडतो,” ते म्हणत. “आठ फुटांचं केलं की थांबणारच नाही.”

येथवर सगळे कौतुकाचेच होते. पण मामांच्या ओळखीचा एक यंत्रमाग कारखानदार चाक पाहून गेला. विजेच्या बिलाने तो टेकीस आला होता. आठ फुटी चाक झाले तर त्यावर माग चालवू, म्हणून अर्धा खर्च देण्याची तयारी त्याने दाखवली. उरलेला अर्धा मामांनी घालायचा होता. फंडाचे पैसे तर संपत आलेले. पूजा आटोपून मी निघाले तेव्हा मामींनी मला स्वयंपाकघरात बोलावले. चुलीवरचे आधण उतरवत, वर न बघता त्या म्हणाल्या,

“पाडव्यानंतर माझ्या पाटल्या सराफाकडे जायच्यात. मी नाही म्हणणार नाही. तीस वर्षं त्यांनी पगार आणून माझ्या हातात ठेवलाय. पण तू शिकलेली आहेस. ते फिरणार का नाही, तेवढं मला सांग.”

आचार्यांच्या ग्रंथात

दसरा ते पाडवा हातात तीन आठवडे होते. मी आधी ग्रंथालय गाठले. कीर्तनकारबुवा खोटे बोलले नव्हते. भास्कराचार्यांचा जन्म शके १०३६ चा, म्हणजे इसवी सन १११४ चा. वयाच्या छत्तिसाव्या वर्षी, ११५० साली, त्यांनी ‘सिद्धान्तशिरोमणी’ रचला. लीलावती, बीजगणित, ग्रहगणित आणि गोलाध्याय हे त्याचे चार भाग. यांतल्या गोलाध्यायात यंत्रांचे एक प्रकरण आहे आणि त्यात ‘स्वयंवह’ यंत्र आहे. हलक्या लाकडाचे कातलेले चाक घ्यावे. त्याला सारख्या मापाच्या, सारख्या अंतरावर, किंचित एकाच बाजूला वाकवलेल्या पोकळ आऱ्या बसवाव्यात. त्या पाऱ्याने अर्ध्या भरून तोंडे बंद करावीत. अक्ष दोन आधारांवर ठेवला की चाक आपोआप फिरते. दुसऱ्या एका प्रकारात चाकाच्या काठाला खोबण पाडून तीत पाणी आणि पारा भरायला सांगितले आहे.

मामांच्या दांड्यांनी जे करायचे तेच येथे पाऱ्याने करायचे आहे. उतरत्या बाजूला पारा आरीच्या बाहेरच्या टोकाला धावतो, चढत्या बाजूला आत सरकतो. म्हणजे एक बाजू लांब, एक बाजू जवळ. कल्पना आचार्यांचीही पहिली नव्हे. ब्रह्मगुप्ताने ६२८ सालच्या आपल्या ग्रंथात पाऱ्याचे असे चाक सांगितले होते. आठव्या शतकातल्या लल्लानेही स्वयंवह यंत्रे वर्णिली आहेत.

पुढे हेच चाक जग हिंडून आले. तेराव्या शतकात व्हिलार द ऑनकूर नावाच्या फ्रेंच माणसाने आपल्या वहीत एक चाक काढले. त्याच्या काठावर सात हातोडे झुलत होते. हे चाक हातोड्यांनी किंवा पाऱ्याने आपोआप फिरेल, असे त्याने लिहून ठेवले. ही कल्पना भारतातून अरबांमार्फत युरोपात गेली, असे लिन व्हाइट या इतिहासकाराने १९६२ साली मांडले. म्हणजे आमच्या मामांनी पडवीत उभे केलेले चाक सातशे वर्षांपूर्वीच्या त्या वहीतल्या चाकाचे सख्खे भावंड होते, आणि मामांना त्याचा पत्ताही नव्हता!

या चाकाने पुढे कितीजणांना झपाटले! लिओनार्दो दा विंचीने अशी चाके काढून पाहिली आणि शेवटी त्यांच्या मागे लागणाऱ्यांची चेष्टा केली. १७१७ साली जर्मनीतल्या कासेलच्या राजवाड्यात बेसलर नावाच्या माणसाचे बारा फुटी चाक कुलूपबंद खोलीत ठेवले होते. दाराला मोहोर लावली. पंधरा दिवसांनी उघडले तरी चाक फिरतच होते. पुन्हा मोहोर लावली. जानेवारीत उघडले, तरी फिरतच! सगळा युरोप थक्क झाला. दहा वर्षांनी बेसलरच्या मोलकरणीने जबानी दिली की, शेजारच्या खोलीतून ते चाक आम्ही आळीपाळीने हाताने फिरवत होतो. असल्या यंत्रांचे प्रस्ताव तपासून तपासून पॅरिसची विज्ञान अकादमी इतकी कंटाळली की, १७७५ साली तिने यापुढे एकही तपासणार नाही असा ठराव केला.

हे सगळे वाचून मला नियम कळला. पण नियम सांगून मामा ऐकणार नव्हते. “पॅरिसवाल्यांनी माझं चाक पाहिलंय का?” हा त्यांचा सवाल मला आधीच ऐकू येत होता. आणि एका अर्थी तो रास्तच होता. ज्याने आपल्या हातांनी बारा बिजागऱ्या घासल्या, त्याला पुस्तकातल्या वाक्याने उठवणे बरोबर नव्हे. म्हणून मी ठरवले की, चाकालाच विचारायचे.

ओळंबा आणि टेप

वसुबारसेच्या आदल्या रात्री मी मामांकडे गेले. जेवण झाले. भाकरी आणि शेंगाचटणी होती. वीज गेलेली, म्हणून मामींनी कंदील लावला.

“मामा, चाक थांबलंय तसंच राहू द्या. हात लावू नका. उजवीकडची वजनं किती?”

मामांनी मोजली. “पाच.”

“आणि डावीकडं?”

“सात.” मामा जरा थांबले. मग म्हणाले, “पण ती जवळ आहेत.”

“किती जवळ ते मोजू या की.”

अक्षाच्या मधोमध मी गवंड्याचा ओळंबा सोडला. त्या दोरीपासून प्रत्येक वजन आडव्या अंतराने किती इंच लांब आहे, हे मामा टेपने मोजू लागले. तीस वर्षे ज्या हातांनी गिरणीतली यंत्रे जुळवली, ते हात मापात चुकणारे नव्हते. मी वहीत लिहीत गेले. सगळी वजने सारखी. म्हणून कोणती बाजू किती ओढते हे पाहायला अंतरांची बेरीज पुरे होती. बाजारात वाण्याचा तराजू पाहतो तसेच हे. लांब दांडीवरचे एक वजन जवळच्या दोनांना भारी पडते, पण जवळ तीन झाली की काय?

उजवीकडच्या पाचांची बेरीज आली १२३ इंच. डावीकडच्या सातांची आली १२५.

मामांनी वही हातात घेतली. बेरीज पुन्हा केली. मग टेप घेऊन सगळी बाराच्या बारा मापे पुन्हा काढली. एका ठिकाणी पाव इंचाचा फरक पडला, एवढेच. मग त्यांनी चाक हाताने जरासे पुढे सरकवून थांबवले आणि नव्याने मोजले. आता वरचा एक दांडा उजवीकडे पडण्याच्या बेतात होता, पण अजून पडला नव्हता. या वेळी डावी बाजू आणखी थोडी जड निघाली.

त्यातली गोम मामांनाच पहिल्यांदा दिसली, मला नव्हे. “उजवीकडची वजनं लांब जातात ती लवकर उतरून जातात,” ते हळूहळू म्हणाले. “डावीकडं मात्र गर्दी राहते. आणि हा वरचा दांडा उलटा पाडायचा, तर त्याला चाकानंच उचलून न्यावं लागतं.”

“होय मामा. खाली जे जातं ते सगळं पुन्हा वर न्यावं लागतं. वाट लांबची घ्या नाहीतर जवळची, उंची तेवढीच. एक किलो एक मीटर खाली आलं, तर त्याच्या जोरावर फार तर एक किलो एक मीटर वर जाईल. चिमूटभरही जास्त नाही. आणि दांडा अडणीवर आपटून जो आवाज होतो ना, तोही फुकट नाही येत.”

हा हिशोब माणसाला नीट मांडता आला तो १८४० च्या दशकात. इंग्लंडात जूलने खाली उतरणाऱ्या वजनांनी पाण्यातली पाती फिरवली, पाणी किती तापते ते मोजले आणि कामाचा व उष्णतेचा भाव ठरवून दिला. १८४७ साली जर्मनीत हेल्महोल्ट्झने ऊर्जेच्या जमाखर्चाचा नियम सर्वांसाठी लिहिला. ऊर्जा एका खात्यातून दुसऱ्या खात्यात जाते, पण नवी जमा होत नाही.

“आठ फुटांचं केलं तर?” मामांनी विचारले. पण आता आवाज वेगळा होता.

“मग २४६ आणि २५०.”

बराच वेळ कोणी बोलले नाही. वहीतले सतरा, एकोणीस, बावीस हे फेरे कशाचे होते, तेही मामांना उमगले असावे. वंगणाने त्यांनी फक्त गळती कमी केली होती. जमेच्या बाजूला एकच रक्कम होती, ती म्हणजे त्यांच्या हाताचा पहिला धक्का.

आचार्य खोटे का?

“म्हणजे भास्कराचार्य खोटं सांगतात?” मामांनी शेवटी विचारले. मला वाटते, पैशापेक्षा हाच प्रश्न त्यांना जास्त बोचत होता.

मी त्यांना गोलाध्यायातलीच दुसरी गोष्ट सांगितली. आचार्यांच्या आधी चारशे वर्षे लल्ल हा मोठा ज्योतिषी होऊन गेला. त्याच्या ग्रंथावर आचार्यांचे शिक्षण झाले, त्यावर त्यांनी टीकाही लिहिली. पण गोलाच्या पृष्ठाचे क्षेत्रफळ काढण्याची लल्लाची रीत चूक आहे असे दिसले, तेव्हा त्यांनी ती चूक उघड मांडली आणि बरोबर रीत दिली. लल्ल मोठा म्हणून त्याची चूक झाकली नाही आणि चूक सापडली म्हणून लल्लाला टाकूनही दिले नाही. पृथ्वी आपल्या शक्तीने जड वस्तूंना आपल्याकडे ओढते, हेही त्याच गोलाध्यायात आहे. स्वयंवह चाक त्यांनी परंपरेतून घेतले आणि ते चालत नाही. पण चूक मोजून दाखवायची, हे त्यांनीच शिकवले आहे.

“म्हणजे आज आपण जे केलं, ते आचार्यांनाही आवडलं असतं,” मामा म्हणाले. मग मामींकडे वळून म्हणाले, “अहो, पाटल्या राहू द्या हातात. सणाचं बोडक्या हातानं फिरू नये.”

मामी काही बोलल्या नाहीत. त्यांनी कंदिलाची वात वर केली.

कारखानदाराला मामांनी स्वतः जाऊन सांगितले. तो जरा नाराज झाला. आपला हिशोब त्याला पटला की नाही, कोण जाणे. पण मामांनी त्याच्यासमोर वही उघडून ठेवली, एवढे मला माहीत आहे.

दिवाळीनंतर पडवीतले दांडे निघाले, बिजागऱ्या निघाल्या. चाक मात्र मामांनी मोडले नाही. साखर पेठेत एक पद्मशाली विणकर बाई मागासाठी कांड्या भरून देत असत. त्यांचा रहाट जुना होऊन डुगडुगत होता. मामांनी आपल्या चाकाला दोरी, चाती आणि मूठ बसवून रहाट करून दिला. चाक जड, अक्ष तेलपाणी केलेला. एकदा मूठ फिरवली की वेग बराच वेळ टिके, धागा एकसारखा बसे. बाई म्हणत, “हा रहाट आपोआप फिरतो.” मामा हसत आणि म्हणत, “नाही बाई. तुमच्या हातानं फिरतो. हा फक्त ते जरा वेळ लक्षात ठेवतो.”

जड चाकाची याहून चांगली व्याख्या मला माझ्या नोकरीच्या सबंध काळात कोणत्या पाठ्यपुस्तकात आढळली नाही. गिरणीतल्या त्या दोन गोळ्यांचेही तेच. ते इंजिन आवरत, चालवत नसत. भिंतीवरच्या घड्याळाचा लोलक वेळ मोजून देतो, पण किल्ली आपल्यालाच द्यावी लागते. झुलत्या वजनांना कामे पुष्कळ आहेत. जन्म देण्याचे तेवढे काम त्यांचे नाही.

पाटणची वाट

मामा गेल्यानंतर काही वर्षांनी मी चाळीसगावजवळच्या पाटणला जाऊन आले. विज्जलविड म्हणजे विजापूर की पाटण, यावर विद्वानांचा वाद आहे. पण पाटणचा शिलालेख मात्र आचार्यांच्या घराण्याचाच आहे. त्यांचा नातू चांगदेव हा यादव राजा सिंघणाचा ज्योतिषी. त्याने आजोबांचे ग्रंथ शिकवण्यासाठी इसवी सन १२०७ च्या सुमारास तेथे मठ स्थापन केला, असे त्या लेखात कोरले आहे. एकोणिसाव्या शतकात डॉ. भाऊ दाजी लाड यांनी तो लेख जगापुढे आणला. आजोबांच्या नावाने नातवाने पाठशाळा काढली, हे वाचून मला पडवीतला कंदील आठवला.

सोलापूरच्या बहुतेक गिरण्या आता बंद पडल्या. भोंगे थांबले. पण ते चाक अजून थांबलेले नाही. परवा माझ्या नातवाने मोबाइलवर एक चित्रफीत दाखवली. झुलत्या दांड्यांची एक मोटर, ना वीज, ना तेल, आणि वर दिवा लागलेला! खाली लोक विचारत होते, पैसे कोठे भरायचे? आपल्या देशाच्या १९७० च्या पेटंट कायद्याने निसर्गनियमांना उघड विरोध करणारी वस्तू शोध म्हणून मान्य होत नाही, हे त्या बिचाऱ्यांना ठाऊक नसावे.

नातू इंजिनिअरिंग शिकतो, तरी क्षणभर तोही गप्प होता. त्याला मी काही सांगितले नाही. कपाटातून मामांची वही आणि टेप काढून त्याच्या हातात दिली आणि म्हटले, “चाक थांबव, आणि दोन्ही बाजू मोज.”

“आजी, चित्रफितीतलं चाक थांबवणार कसं?”

“थांबवून मोजू देत नाहीत ना? मग पाटल्या काढायच्या नाहीत.”